पिवळ्या बसची स्लाइड

सिबालान बेट
८ मे

प्रिय मानांग निमफा,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. फोनला रेंज फक्त टेकडीवरच्या पेरूच्या झाडाखाली येते आणि तिथे उभं राहून एवढं सगळं बोलणं जमणार नाही, म्हणून मानोंग बर्तिंगच्या होडीतून हे पत्र पाठवतेय. तो सोमवारी इलोइलोला बर्फ आणायला येतोय, त्याच्याच हाती उत्तर दे.

कामाचं सांगते. गेल्या वर्षी मी भांडून भांडून इथे पाचवीचा वर्ग सुरू केला, तुला ठाऊकच आहे. नऊ मुलं होती. यंदा ती सहावीत जातील आणि चौथीतली आठ पाचवीत येतील, म्हणजे सतरा. जिल्हा कचेरीने सांगितलंय की पाचवी-सहावी मिळून पंधरा मुलांच्या पालकांच्या सह्या असतील तरच वर्ग राहील. तेरा जूनपर्यंत यादी पोचली पाहिजे. पंधराला एक जरी कमी पडला तरी शाळा पुन्हा चौथीपर्यंतच.

मग काय होतं ते तुला मी वेगळं सांगायला नको. ऐन हाबागातच्या पावसाळी वाऱ्यात दहा वर्षांची पोरं रोज पलीकडच्या किनाऱ्यावर कशी जाणार? नाहीतर कुणाच्या तरी घरी भांडी घासत राहायचं आणि शाळेत जायचं. आपण दोघी तशाच शिकलो. माझ्या बाकावरची मेर्ली नाही शिकली. काल ती बाजारात मासे साफ करत होती, मला म्हणाली, "मॅम, माझ्या पोरीला सहावीपर्यंत तरी ठेव हो." बालपणापासूनची मैत्रीण मला मॅम म्हणते.

तेवीस तारखेला पालकांची सभा ठेवलीय. मला शाळा उघडण्याचं एक चांगलं प्रेझेंटेशन हवंय. तुझ्या शाळेत सगळे तुझ्याकडेच येतात ना त्यासाठी? मला कार्डशीटवर मार्करने तक्ते लिहिण्यापलीकडे काही येत नाही. गावच्या बरांगाय कचेरीतला प्रोजेक्टर मिळेल, पडद्याला चादर आहे.

तुझी,
ग्लोरिफे


हारो, इलोइलो
१२ मे

इंदाय,

अगं, चौतीस वर्षांची झालीस तरी सभा अकरा दिवसांवर आल्यावर बहिणीची आठवण होते तुला. असो. पेन ड्राइव्ह पाठवतेय, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलाय, बर्तिंगला सांग माशांच्या टोपलीत टाकू नकोस.

बावीस स्लाइड आहेत. तयार टेम्प्लेट आहे, पण असं की गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या अकरा शिक्षिकांनी तेच वापरलं आणि मुख्याध्यापिका प्रत्येकीला म्हणाल्या, किती मेहनत घेतलीस. पहिल्या स्लाइडवर प्रार्थना, दुसरीवर राष्ट्रगीत, तिसरीवर स्वागत. त्यावर मोठी पिवळी बस आहे, दारातून मुलं हात हलवताहेत. मग चष्मा लावलेलं घुबड, सफरचंदं, लाल-केशरी पानं. वेळापत्रक, नियम, पालकांची जबाबदारी, शेवटी धन्यवाद.

तू फक्त नाव, तारीख आणि इयत्ता बदल. बाकी कशाला हात लावू नकोस. तुझा हात लागला की अक्षरं एकमेकांवर चढतात, मला माहीत आहे. आणि सभेला बिको कर. पोटात गोड गेलं की माणूस सही करतो.

बाकी, तुझा विचार बदलला का असं मी विचारणार नाही. विचारून विचारून दमले. मात्र आमच्या शाळेत पाचवीची एक जागा जूनमध्ये रिकामी होतेय, एवढं सांगून ठेवते. शहरात वीज जात नाही आणि मी इथे आहे.

तुझी,
निमफा


सिबालान
२६ मे

प्रिय मानांग,

सभा झाली. एकूण एक माणूस आला. प्रोजेक्टर चालला, चादर वाऱ्याने हलत होती म्हणून खाली दोन दगड बांधले. मुलांना घुबड फार आवडलं, अजून चष्म्यासारखी बोटं करून हिंडताहेत.

मोठी माणसं फार शांतपणे बघत होती. बिको संपला. सह्या त्या दिवशी नाही केल्या कुणी, घरी विचारून सांगतो म्हणाले. बाराव्या स्लाइडवर 'येथे आपल्या शाळेचे नाव लिहा' असंच राहून गेलं, तेवढं माझ्याकडून झालं. सह्या होतील, काळजी करू नकोस.

होडी निघतेय म्हणून थोडक्यात.

ग्लोरिफे


इलोइलो
२९ मे

इंदाय,

बघ, सांगितलं नव्हतं मी तुला? माणसं अवाक झाली म्हणजे काम फत्ते. आमच्याकडे तर पालक सभेत मोबाईल बघत बसतात, तुझ्याकडे टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं, माझं टेम्प्लेट आता बेटावरसुद्धा गेलं.

बाराव्या स्लाइडबद्दल मात्र तुझ्या पाठीत धपाटा घालायला हवा. घरी विचारून सांगतो, हे पुरुषांचं नेहमीचंच. घरी बायकोला विचारणार आणि ती हो म्हणणार. सोबत पालकांना द्यायला आभारपत्राचं टेम्प्लेट पाठवतेय, सोनेरी कडा आहे, सह्या झाल्या की छापून वाट.

मला एक सांग, एवढं सगळं करून पुढच्या वर्षी पुन्हा हेच? दरवर्षी पंधरा सह्यांसाठी दारोदार फिरणार का तू?

निमफा


सिबालान
३ जून

मानांग,

आभारपत्रं पेटीत ठेवून दिली आहेत. आता खरं सांगते, मागच्या पत्रात लपवलं होतं.

सह्या पाच झाल्या आहेत. पाच. सभेनंतर तिसऱ्याच दिवशी चार घरची माणसं पलीकडे जाऊन तिथल्या शाळेत नाव घालायची चौकशी करून आली. मला कुणी काही बोलेना. मी समोरून आले की बाया पाणी भरायचं सोडून घरात जायच्या. मला वाटलं माझंच काही चुकलं, मी सभेत कुणाला वेडंवाकडं बोलले की काय.

शेवटी लोला पासिंगच्या घरी जाऊन बसले. म्हटलं, आजी, आता तुम्ही सांगितल्याशिवाय मी इथून उठणार नाही. ती जाळं विणत होती. गाठ मारून म्हणाली, "बस कुठे जाणार गं ती? आपल्याकडे रस्ता आहे का?"

मला आधी कळेचना. मग तिने सांगितलं. मोठं वादळ झालं तेव्हा तू इलोइलोत होतीस आणि मी कॉलेजात, आपण इथे नव्हतो. त्या वर्षी कुठल्याशा कचेरीतली माणसं हाच प्रोजेक्टर घेऊन आली, हीच चादर लावली. रंगीत चित्रं दाखवली, लाल छपराची घरं, झाडं, हसणारी मुलं. शेवटी धन्यवाद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन महिन्यांत किनाऱ्यावरच्या तीस घरांना हलवलं, डोंगरापलीकडे, समुद्र दिसत नाही अशा जागी. तेव्हापासून इथे प्रोजेक्टर लागला नव्हता, मानांग. मी लावला. आणि पहिल्याच चित्रात बस, आणि बसमध्ये मुलं, हात हलवताहेत. लोकांनी बरोबर तेच समजून घेतलं की शाळा बंद होतेय आणि पोरांना पलीकडे नेऊन तिथून बसने कुठेतरी न्यायचं ठरलंय. बेटावर बस कशाला दाखवेल कुणी? मग निदान आपणच आधी जाऊन जवळची शाळा धरू, असा त्यांचा विचार.

मी कपाळावर हात मारला. मी इथे जन्मले, इथे शिकवते आणि मला त्या बसमध्ये काही वावगं दिसलं नाही. तू बदलू नकोस म्हणालीस, मी बदललं नाही.

तेव्हापासून घरोघर फिरतेय. सांगते, अहो ते नुसतं चित्र आहे, कुठल्या तरी लांबच्या देशातल्या शाळेचं. ऐकून घेतात, सुकी मासळी हातात देतात, सही करत नाहीत. मानोंग तेओफिलो तर दारातच म्हणाला, "आणि तुम्ही, मॅम? तुम्ही किती दिवस?" मी हसले. बसच्या घोळात त्याने मलाही बसमध्ये बसवलं असावं.

लोला पासिंग निघताना म्हणाली, "तोंडाने सांगून काय होतंय? चादरीवर दाखवलंस ना? मग चादरीवरच मागे घे."

म्हणून अकरा तारखेला दुसरी सभा. मला आता टेम्प्लेट नकोय. पांढऱ्या कोऱ्या स्लाइडवर काळी अक्षरं कशी लिहायची आणि फोनमधला फोटो कसा चिकटवायचा, एवढंच पायरी पायरीने लिहून पाठव. दहा दिवस आहेत आणि मला दहा सह्या हव्यात. मी त्या मिळवणार आहे.

ग्लोरिफे


इलोइलो
६ जून

इंदाय,

तुझं पत्र आलं तेव्हा आधी मला रागच आला. माझी स्लाइड बघून लोक पळाले म्हणे. मी तडक एक समुद्राचं टेम्प्लेट शोधून काढलं, डॉल्फिन, शंख, निळ्या लाटा, पेन ड्राइव्हवर टाकलंसुद्धा. मग पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि तेओफिलोचं वाक्य वाचून हातातला चहा खाली ठेवला.

तो बसच्या घोळात बोलला नाही, ग्लोरिफे. आता मी लिहिते ते नीट बसून वाच.

दोन वर्षांपूर्वी तू ख्रिसमसला इथे आली होतीस, आठवतं? तिथे एकटीने राहून राहून वैतागली होतीस. रडत बदलीच्या अर्जावर सही केलीस आणि तो माझ्याकडे ठेवून गेलीस, म्हणालीस, मी सांगेन तेव्हा दे. तू कधी सांगितलंच नाहीस. या मार्चमध्ये मी तो दिला. तुला न विचारता. तुझ्याच सहीचा अर्ज होता, कुणी काही विचारलं नाही. मी स्वतःला समजावलं की पोरगी हट्टी आहे, ऑर्डर हातात पडली की येईल. मे महिन्यात ऑर्डर निघाली. लिफाफा होडीने गेला असं मला कचेरीत सांगितलं. मी रोज वाट बघत होते की तू लिहिशील, मग वाटलं, मिळाला नसेल, बरंच झालं, सभा तरी होऊ दे.

लिफाफा बर्तिंगच्याच होडीने गेला असणार, दुसरी होडीच नाही. आत काय आहे ते कचेरीतच त्याला सांगितलं असेल, म्हणजे बेटावर तुझ्याआधी सगळ्यांना कळलं. शिक्षिका चालली आणि तीच चादर लावून बस दाखवतेय. त्यांच्या जागी मी असते तर मीही सही केली नसती.

डॉल्फिन पुसून टाकले आहेत. कोऱ्या स्लाइडच्या पायऱ्या मागच्या कागदावर लिहिल्या आहेत, अकरा आहेत. सहाव्या पायरीला नेहमी चुकतेस, तिथे फुली केलीय.

आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तुझ्या बाबतीत मीच ठरवायचं, ही सवय मला तेव्हापासूनची. मला तू इथे हवी होतीस. यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही.

निमफा


इलोइलो
१० जून

ग्लोरिफे,

बर्तिंग रिकाम्या हाताने आला. विचारलं तर म्हणाला, मॅमने पत्र वाचलं, लिफाफा मागितला. तो म्हणे त्याने बिस्किटांच्या डब्यात ठेवला होता, द्यायला हात होत नव्हता.

मी काल सुट्टी घेऊन कचेरीत गेले होते. म्हटलं, चूक माझी आहे, अर्ज मी मागे घेते. तिथली बाई म्हणाली, ज्यांची सही त्यांनीच स्वतःच्या हाताने नाही म्हणून लिहून द्यायचं, दुसऱ्या कुणाचं चालणार नाही. बरोबरच आहे तिचं.

मला शिव्या दे, पण दोन ओळी लिही.

निमफा


सिबालान
१४ जून

मानांग,

पाच दिवस मी तुला पत्र लिहिलं नाही कारण लिहिलं असतं तर परत घेता आलं नसतं असं काहीतरी लिहिलं असतं. टेकडीवर गेले होते दोनदा, फोन करायला. झाडाखाली उभी राहिले आणि खाली आले.

सभा झाली. ते सांगते.

सतरा मुलांचे फोटो काढले, प्रत्येकाचा त्याच्या त्याच्या बाकावर. सहाव्या पायरीला चुकलेच. पहिल्या सभेला होता तो एकही रंग ठेवला नाही. प्रार्थना तोंडाने म्हटली. पहिली स्लाइड कोरी पांढरी, त्यावर एवढंच: 'बस येणार नाही. शाळा इथेच राहील.' हे वाचलं गेलं तेव्हा लोला पासिंग मोठ्याने म्हणाली, हं, आता बोल. थोडं हसले लोक. मग एकेक स्लाइड, एकेक मूल, खाली त्याचं नाव आणि 'इयत्ता पाचवी' किंवा 'इयत्ता सहावी'. बाकी काही नाही. मेर्लीच्या पोरीचा फोटो आला तेव्हा मेर्ली उठून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली, तिला बसायचं सुचलंच नाही.

शेवटची स्लाइड माझ्या बदलीच्या ऑर्डरची. फोटो काढून तशीच लावली, माझं नाव, शिक्का, सगळं. त्यांना ते माहीत होतं, पण मी दाखवेन असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, हा कागद माझ्या सहीने निघालाय. सही मीच केली होती, दोन वर्षांपूर्वी, तेव्हा मला जायचं होतं. तुझं नाव घेतलं नाही. घ्यायचं होतं, खरं सांगते, जिभेवर आलं होतं. मग त्यांच्यासमोर कागदावर 'मी ही बदली नाकारते' असं लिहिलं आणि सही केली.

तेओफिलो मागे हाताची घडी घालून उभा होता, धाकटी पोरगी खांद्यावर झोपलेली, दीड वर्षाची असेल. म्हणाला, "आज हा नाकारलात. उद्या दुसरा येईल."

"येईल."

"मग?"

"त्यालाही नाही म्हणेन."

"किती वर्षं?"

याचं उत्तर मी ठरवून गेले नव्हते, मानांग. बाकी सगळं पाठ केलं होतं, हे नाही. त्याच्या खांद्यावरच्या पोरीकडे बघितलं आणि म्हटलं, "हिची सहावी होईपर्यंत."

त्याने बोटांवर मोजलं. बायकांनीही मोजलं, मला दिसत होतं. मग तो म्हणाला, लिहून द्या. मी यादी घेतली, जिथे पालकांची नावं सुरू होतात त्याच्या वर एक ओळ लिहिली आणि खाली सही केली. त्यानेच माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्याच्या मोठ्या मुलासाठी सही केली. नंतर पेन फिरत राहिलं. सोळा झाले. फक्त एक घर नाही, ती माणसं सभेच्या आदल्या दिवशीच पलीकडे आजोळी राहायला गेली. यादी आणि नाकारलेली ऑर्डर काल मी स्वतः होडीत बसून कचेरीत देऊन आले. बर्तिंगने होडीभाडं घेतलं नाही.

सभेनंतर घरी येऊन भात चढवला आणि मग चुलीजवळ खालीच बसले. जवळजवळ अकरा वर्षं होतात. तोपर्यंत मी पंचेचाळीसची होईन आणि तू बासष्टची. तू आजारी पडलीस आणि हाक मारलीस तर समुद्र चांगला असेल तरच येता येईल, असं मी सोळा घरांसमोर बोलून बसले, आणि तेव्हा तुझा विचारसुद्धा मनात आला नाही. तो भात शिजताना आला.

तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. जाईल, पण मी घालवायचा प्रयत्न करणार नाही, आपोआप जाऊ दे. तुला मी तिथे हवी होते हे मला कळतं. मलाही काही रात्री तू इथे हवी असतेस. पण माझ्या बाबतीत आता मी ठरवणार, आणि तू मला विचारून विचारून दमलीस तरी चालेल, विचारत राहा.

परवा सोमवारी साडेसातला शाळा उघडते. यादीची एक प्रत भिंतीला लावलीय. सतरा सह्या आहेत त्यावर, पहिली माझी.

तुझी,
ग्लोरिफे